पाया कच्चा असलेल्या मुलीचे पालक

गृहशिक्षणाच्या, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याच्या पुण्या-मुंबईकडील वर्तुळात, गणिताचा अभ्यासक्रम सतत बदलणारे पालक इतके सर्वपरिचित आहेत की त्यांचे एकच लक्षण सांगणे पुरेसे ठरावे: त्यांच्या मुलीचा पाया कच्चा असतो. मुलगी आठ वर्षांची, चुणचुणीत आणि वाण्याकडून उरलेले सुटे पैसे बिनचूक मोजून आणणारी असली तरी तो कच्चाच असतो. कारण मुलाने कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी हे ठरवणारी पूर्वचाचणी नव्या अभ्यासक्रमाच्या परिभाषेत बेतलेली असते, आणि जुन्या पद्धतीने शिकलेले मूल तिच्यात अडखळणे क्रमप्राप्तच ठरते.

आरंभ बहुधा सिंगापूर पद्धतीने होतो. 1980 च्या दशकात त्या देशात रुजलेल्या या पद्धतीत मूल आधी वस्तू हाताळते, मग चित्र काढते आणि शेवटी अंकांकडे वळते, तर शाब्दिक उदाहरणे आयताकृती पट्ट्या आखून सोडवते. मुलगी पट्ट्या आखते, रंगवते, एकीला मिशाही काढते, आणि सहाचा पाढा येत नाही हे आजींच्या ध्यानात येते. पाया कच्चा. मग अमेरिकेतील सॅक्सन अभ्यासक्रम येतो, ज्यात रोज नवे थोडे आणि उजळणी पुष्कळ असते. उजळणीने मुलगी रडकुंडीला येते, म्हणून बेल्जियन शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या नावाच्या रंगीत कांड्या मागवल्या जातात, ज्यांत पांढरी एक सेंटिमीटरची तर नारिंगी दहा सेंटिमीटरची असल्याने गणती पुन्हा एक ते दहावर येते. पुढे आपल्या मातीतले काही हवे म्हणून एनसीईआरटीचे ‘आनंदमय गणित’ आणले जाते. ते पहिली-दुसरीचे असल्याने पाया आपसूकच आणखी एकदा घातला जातो. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने 2019 साली ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचवले तेव्हा महाराष्ट्रभर वादंग माजला, पण अशा घरांना त्याची झळ लागली नाही, कारण तेथील मुले त्या वेळी नव्याने विसाच्या आतच होती. भागाकार प्रत्येक पुस्तकाच्या उत्तरार्धात असतो, एवढीच त्याच्याविषयीची माहिती घरात उपलब्ध असते.

शाळेच्या साचेबंदपणाला कंटाळून बाहेर पडलेल्या या पालकांनी, एकाच विद्यार्थिनीसाठी, अख्खे पाठ्यपुस्तक मंडळ दिवाणखान्यात थाटलेले असते: तेच तज्ज्ञ समिती, तेच फेरविचार समिती आणि पुस्तक मागे घेणारेही तेच. आजी पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, शिकवू पाहतात तेव्हा त्यांचा प्रस्ताव ‘पाठांतर’ या शेऱ्यासह विनम्रपणे फेटाळला जातो.

तथापि न्यायाने एक गोष्ट मान्य करावी लागते. सरकारी पुस्तक बदलायला अनेकदा दशक उलटते आणि तोवर वर्गात कोण रडले याची नोंद कोठेही होत नाही, तर येथे वजाबाकीत हातचा घेताना मुलीचा चेहरा उतरला एवढ्या कारणावरून, पुरते पैसे मोजून आणलेले पुस्तक मिटले जाते. अशी समिती लाभलेली मुले फार नाहीत.

हे मिटलेले संच इतर गृहशिक्षक पालकांना निम्म्या किमतीत विकले जातात. पहिली चाळीसेक पाने पेन्सिलीने भरून खोडरबराने पुसलेली आणि पुढची कोरी, अशीच त्यांची अवस्था असते. मात्र अपूर्णांकांच्या प्रकरणात, जिथे मुलगी कधी पोहोचलेलीच नसते, तिथली सगळी उदाहरणे प्रौढ अक्षरात, शाईने आणि रात्री उशिरापर्यंत बसून सोडवलेली आढळतात, काही तर दोनदा. शाई पुसता येत नसल्यामुळे घेणारा किंमत आणखी पाडून मागतो, आणि एरवी रुपया-रुपयासाठी घासाघीस करणारे हे पालक तेवढ्यापुरते काही न बोलता ती मान्य करतात.