खालच्या गटातला निष्ठावंत

छोट्या संघाचा पाठीराखा ओळखणे अवघड नाही. संघ हरला की तो रोजच्याप्रमाणे जेवतो आणि झोपतो. लागोपाठ तीन सामने जिंकला की मात्र त्याला घास जात नाही. गुणतक्ता तो खालून वर वाचतो. पहिला कोण, याची त्याला फिकीर नसते. शेवटच्या दोघांत आपण नाही एवढे दिसले की पेपर घडी घालून बाजूला. "अजून दोन पॉइंट घावले की यंदाचं भागलं," हे त्याचे हंगामभराचे वाक्य. आणि तरीही देवाकडे काय मागतोस असे विचारा, तर म्हणेल, "टीम वर जाऊ दे."

देवाने खरेच ऐकले तर या माणसाचे काय होईल, एवढाच माझा प्रश्न आहे.

ही जमात जगभर आढळते. माझ्या पाहण्यातला नमुना करमाळा तालुक्यातल्या केमचा. केम हे कुंकवाचे गाव. इथली पोती पंढरपूरला जातात, तुळजापूरला जातात. आमच्या नमुन्याचाही कुंकवाचा छोटा कारखाना आहे. गाव त्यांना आण्णा म्हणते, आपणही आण्णाच म्हणू. हात कोपरापर्यंत बारा महिने लाल. रेल्वेतून उतरलेला परका माणूस पहिल्यांदा भेटला की दोन पावले मागे सरतो.

आता केममध्ये फुटबॉलचे काय काम, असे कोणीही विचारील. इथली पोरे क्रिकेट खेळतात, थोरली माणसे कुस्तीच्या गोष्टी सांगतात. पण तरुणपणी आण्णा शिकायला कोल्हापूरला गेले. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, मग पंढरपूर, मिरज करत कोल्हापूर. खोली मिळाली उत्तरेश्वर पेठेत. केमचे ग्रामदैवतही उत्तरेश्वरच. गावचा देव आपल्याआधी इथे येऊन राहिलाय, हे पाहून आण्णांना भरून आले. त्यातच त्या पेठेची तालीम उत्तरेश्वराच्याच नावाने फुटबॉलचा संघ उतरवते हे कळले, आणि विषय संपला.

कोल्हापूरचा फुटबॉल हा तालमींचा आणि पेठांचा मामला आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही त्यातली बडी नावे. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्या की मैदानात बावीस खेळाडू आणि बाहेर पोलिसांचा बंदोबस्त असतो. आण्णांना यांपैकी कोणाचेही होता आले असते. त्या वयात पोरे जिंकणाऱ्याच्या मागे जातात. आण्णा देवाच्या मागे गेले. केमला परतले ते पदवी न घेता, पण संघ घेऊन. घरच्यांनी पदवीबद्दल बरेच दिवस विचारले, संघाबद्दल कोणी विचारले नाही.

आता सामने मोबाइलवर दिसतात. आण्णा पोत्यांच्या थप्पीला टेकून बसतात. काचेवर कुंकवाची बोटे इतकी उमटलेली की दोन्ही संघ लाल जर्सी घालून खेळताहेत असे वाटते. कोण कोणाला पास देतोय हे त्यांना तरी कसे कळते, देव जाणे. पण कळते. कारण आण्णांना खेळाडू खेळावरून नव्हे, घरावरून ठाऊक. गोलकीपरच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन कुठे झाले, डावा बॅक कोणाच्या दुकानात कामाला आहे, सेंटर फॉरवर्डचे लग्न कोणी मोडले, सगळे तोंडपाठ. एका विंगरने तर स्टेडियमबाहेर वडापावसाठी आण्णांकडून पैसे उसने घेतले होते. ते त्याने अजून दिलेले नाहीत आणि आण्णांनी कधी मागितलेले नाहीत. ती त्यांची आयुष्यातली सर्वांत मोठी ठेव आहे. "मेस्सीनं तुझ्याकडनं कधी उसनं घेतलंय का?" असे ते पुतण्याला विचारतात. पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला, अंगात मँचेस्टर सिटीची जर्सी. त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसते.

हा पुतण्याच एकदा दिवाळीला आला आणि त्याने विषय काढला. "आण्णा, समजा आपली टीम वर गेली. पार आयएसएलला, इंडियन सुपर लीगला. मग?"

आण्णांचा चेहरा आधी उजळला. मग हळूहळू त्यावर एकेक अट दिसू लागली.

पहिली शंका नावाची. वर जायचे म्हणजे पैसा लागणार, पैसा म्हणजे मालक येणार, आणि मालक आला की नावातली तालीम जाणार. "पेठ जाईल, देव जाईल, आन मागं काय राहील? सिटी. कंची सिटी?" दुसरी शंका जागेची. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आण्णांची एक ठरलेली जागा आहे. ते वर्षातून फार तर एकदा जातात, पण जागा त्यांची आहे, आणि त्या पायरीवर नंबर टाकून तिकीट विकलेले त्यांना चालणार नाही. तिसरी शंका प्रवासाची. "आयझॉलला केमवरनं गाडी कशी जाती रं?" पुतण्याने मोबाइल काढला, थोडा वेळ शोधले आणि खिशात ठेवून दिला.

चौथी शंका आण्णा उघड बोलले नाहीत, पण ती पहिल्या तिन्हींपेक्षा मोठी होती. विंगर विकला जाईल. उसने बुडाले.

आण्णांचा हा स्वभाव फुटबॉलपुरता नाही. मुंबई-सोलापूर मार्गावरच्या कितीतरी वेगवान गाड्या केमच्या फलाटाला धूळ चारत निघून जातात. त्यांना इथे थांबा मिळावा म्हणून जे निवेदन निघेल, त्यावर आण्णांची सही पहिली. पण थांबा मिळालाच तर आण्णा त्या गाडीत बसतील का? अजिबात नाही. त्यांना पॅसेंजर बरी. तिच्यात खिडकी मिळते, तिकीट तपासनीस ओळखीचा असतो, आणि उशीर झाला तर बोलायला विषय मिळतो. वेगवान गाडी थांबावी ही मागणी आहे. तिच्यात चढावे ही मागणी नाही. संघाच्या बढतीचेही नेमके असेच आहे. निष्ठावंताला वर जायचे नसते, वर जायचा हक्क हवा असतो.

पुतण्या हार मानणारा नव्हता. त्याने एकेक उदाहरण काढले, आणि इथेच त्याचे चुकले, कारण प्रत्येक उदाहरण आण्णांनी खिशात घातले.

डर्बी काउंटी हा इंग्लंडातला जुना क्लब. बढती मिळवून तो 2007-08 मध्ये प्रीमियर लीगला आला आणि 38 सामन्यांत एक जिंकला. 11 गुण. मार्च संपायच्या आत खाली जाणे पक्के. पुतण्याने हे लाज वाटावी म्हणून सांगितले. आण्णांनी विचारले, "एक जिंकला तो कवा?" सप्टेंबरात, न्यूकॅसलविरुद्ध, 1-0. "म्हंजे सप्टेंबरातला एक विजय मे महिन्यापर्यंत पुरवून खाल्ला. लई जिगरीची माणसं," आण्णा म्हणाले. डर्बीचे पाठीराखे त्यांना त्या क्षणापासून पाहुण्यांतले वाटू लागले.

मग ल्यूटन टाउन. त्यांच्या केनिलवर्थ रोड मैदानात पाहुण्या संघाच्या लोकांना घरांच्या रांगेखालच्या बोळातून शिरावे लागते, आणि जिना चढताना दोन्ही बाजूंना लोकांची परसे दिसतात. आण्णांनी तो व्हिडिओ पुनःपुन्हा लावायला सांगितला. मैदान असावे तर असे! 2009 ते 2014 हा क्लब व्यावसायिक लीगच्या चारही गटांच्या बाहेर फेकला गेला होता. तिथून चढत चढत मे 2023 मध्ये वेम्बलीवर कोव्हेंट्रीला पेनल्टींवर हरवून थेट प्रीमियर लीगमध्ये. पुतण्याचा आवाज चढला होता. "मग पुढं?" आण्णा म्हणाले. पुढे 2024 मध्ये खाली, आणि 2025 मध्ये आणखी एक गट खाली. "बघ," आण्णांनी बोटावर हिशेब केला, "गेलेच नसते वर तर दोनदा पडले नसते की."

या हिशेबात चूक आहे हे मलाही कळते. पण ती नेमकी कुठे आहे हे दाखवायला गेलो की जीभ अडखळते.

भारतातली उदाहरणे तर आण्णांच्या बाजूचीच निघाली. आयएसएल 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात खेळून वर जायची सोयच नव्हती. पैसे भरून आत यायचे. मिझोरमचा आयझॉल एफसी 2015-16 मध्ये आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून खाली गेला, गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला परत घेतले, आणि 2016-17 मध्ये त्याने ती लीगच जिंकली. प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी त्याआधी कैक वर्षे मुंबई एफसी सांभाळला होता. गंमत अशी की त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाद झाला. चॅम्पियन आयझॉलला बक्षीस काय? आयएसएलचे दार बंदच. पुढे दार उघडले तेव्हा 1891 सालचा मोहम्मडन स्पोर्टिंग 2024 मध्ये आय-लीग जिंकून आत गेला आणि पहिल्याच हंगामात सर्वांत शेवटी आला. त्यानंतर 2025 मध्ये आयएसएलचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होईना. ती बातमी वाचून आण्णा आठवडाभर प्रसन्न होते. गिऱ्हाइकांना बातमीसकट कुंकू देत होते.

पुतण्याने शेवटचा पत्ता टाकला तो स्पेनमधल्या एइबारचा. जेमतेम 27 हजार वस्तीचे गाव. 2014 मध्ये संघ ला लीगाला पोहोचला, पण भांडवल कमी म्हणून नियमात बसेना. क्लबने जगभरच्या लोकांना शेअर विकले आणि भांडवल उभे केले. मग हा संघ वर टिकला तो सात हंगाम. बार्सिलोना, रिअल माद्रिद दर वर्षी गावात येऊन खेळून गेले.

आण्णा गप्प झाले. 27 हजार म्हणजे किती, याचा त्यांनी उत्तरेश्वराच्या यात्रेशी ताळा घातला असावा. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शेअर केवढ्याला व्हता?"

त्या प्रश्नात निष्ठावंताचे सगळे पाप-पुण्य आले. संघ वर गेल्याचा पहिला दिवस आण्णा आनंदात काढतील. गुलाल उधळतील, आणि कमी पडला तर घरचे कुंकू आहेच. दुसऱ्या महिन्यात चिडचिड सुरू होईल. नव्या जर्सीतली नवी पोरे त्यांच्या पायरीवर बसून त्यांनाच विचारतील, काका, तुम्ही कधीपासून सपोर्ट करता? चार गोल खाऊन हरणे त्यांना सोसेल, कारण त्याचा सराव आहे. सोसणार नाही ते हे, की आता हरण्याला कोणी आपले मानत नाही, सगळे कोचला काढा म्हणतात.

म्हणजे बढतीत आण्णांना सुख नाही, हे मी मान्य करतो. पण इथे माझे आण्णांशी पटत नाही. सामना काही पायरीवर बसणाऱ्याच्या सुखासाठी खेळला जात नाही. गोलकीपरचे काय? दुपारी दुकानात काम करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या डाव्या बॅकचे काय? कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्यासाठी त्याला घर सोडून पुण्यात जाऊन घडावे लागले. पोरांनी वर जायचे तर एकेकट्याने गाव सोडायचे आणि तालमीने मात्र होती तिथेच राहायचे, ही वाटणी बरोबर नाही. आण्णांची खिडकी टिकावी म्हणून गाडीने जन्मभर पॅसेंजर राहावे, हे कोणत्या न्यायात बसते? संघाने वर जावे, आण्णांना फरफटत न्यावे, आणि पडायचे असेल तर पडावे. वर जाऊन पडलेल्या एका हंगामावर आण्णा पुढची वीस वर्षे बोलतील, आणि खालच्या गटातल्या वीस हंगामांत त्यांना एवढा ऐवज मिळणार नाही.

हे मी त्यांना सांगितलेही. त्यांनी ऐकून घेतले, पोत्याचे तोंड शिवता शिवता म्हणाले, "आधी त्या विंगरनं पैसं देऊ द्या, मग वर जावा म्हनावं कुटं जायचं तिकडं."

तुम्ही कधी केमला कुंकू घ्यायला गेलात, तर आदल्या दिवशी कोल्हापुरात उत्तरेश्वरचा सामना होता का, ते आधी पाहा. संघ हरला असेल तर खुशाल जा, मूठभर वरून मिळेल. तीन सामने सलग जिंकला असेल तर दुसऱ्या कारखान्यात विचारा. आण्णांचे त्या दिवशी मापात लक्ष नसते.