डोंगा, कयाक आणि नवशिक्याचे स्थैर्य

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत नद्यांची वाण नाही; वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याशी गोदावरीला मिळते, आणि भामरागडला तर पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या तिघींची एकाच ठिकाणी गाठ पडते. या पाण्यावरचे रूढ वाहन म्हणजे डोंगा, अर्थात अखंड खोड कोरून किंवा अलीकडे पत्रा ठोकून केलेली निमुळती होडी. त्यामुळे मोबाइलवर खळाळत्या पाण्यातली चित्रे पाहून कयाकची, म्हणजे कमरेपर्यंत आत शिरून दोन पात्यांच्या वल्ह्याने हाकायच्या बंदिस्त होडीची, स्वप्ने पाहणाऱ्या या भागातील नवशिक्याने आधी डोंग्याकडे पाहावे, हे शास्त्राला धरून होईल.

लाकडी डोंग्याचा तळ गोलसर असल्यामुळे नवखा प्रवासी पाय ठेवतो न ठेवतो तोच तो एका अंगाला कलतो, आणि प्रवाशाच्या तोंडून कुलदैवताचे नाव निघते. मागे बांबू घेऊन उभा असलेला नावाडी मात्र शांतपणे म्हणतो, ‘मधात बसा जी, हालू नका.’ वजन मध्यरेषेवर आणि शक्य तितके खाली ठेवावे, हा तोलाचा सगळा सिद्धान्त या पाच शब्दांत आला आहे. मोटारसायकल पलीकडे न्यायची असेल तर दोन डोंगे शेजारी बांधले जातात, कारण रुंदी वाढली की कलणे कमी होते आणि मोटारसायकलीला ‘हालू नका’ सांगून उपयोग नसतो.

स्थैर्य दोन प्रकारचे असते, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात हमखास विसरली जाते. संथ पाण्यात होडी न डुगडुगणे हे प्राथमिक स्थैर्य, तर कललेली होडी त्या स्थितीत टिकून राहणे आणि उलटी न होणे हे दुय्यम स्थैर्य होय. रुंद, सपाट तळाची आणि धारदार कडांची कयाक तळ्यात इतकी निश्चल राहते की गिऱ्हाईक तिच्यात बसूनच पैसे मोजू लागते. तीच नदीत आडव्या प्रवाहात शिरली की वरच्या अंगाची कड पाण्यात रुतते, पाणी तिच्यावर चढते आणि मालकाला नदीचे दर्शन खालून घडते. गोलाईच्या कडांची होडी सुरुवातीला थोडी डुलते, पण चुका पोटात घालते. टोके वर उचललेली असणे, ज्याला रॉकर म्हणतात, हेही हिताचे, कारण अशी होडी लाटेत नाक न खुपसता तिच्यावर चढते आणि चटकन वळते; फक्त ती सरळ रेषेत जात नाही, पण नवशिक्याही जात नाही.

कसरतींसाठी केलेली आखूड, चपटी कयाक म्हणूनच टाळावी आणि मध्यम आकारमानाची, नदीप्रवासासाठी केलेली, गोलसर कडांची होडी निवडावी. निर्माता प्रत्येक होडीला वजनाची किमान-कमाल मर्यादा ठरवून देतो. तेथे लग्नाच्या वेळचे वजन सांगण्याचा मोह अनेकांना होतो. खरे वजन, ओले कपडे आणि डबा धरून येणारा आकडा त्या मर्यादेच्या मधोमध बसावा, नाहीतर होडी बुडत चालते. उलट फार मोठी होडी घेतली, तर मांड्या आतल्या आधारांना टेकत नाहीत, आणि कमरेने होडी सावरण्याचे सगळे तंत्र फुकट जाते.

उलटलेली कयाक बसल्या जागी सुलटी करण्याची कला ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी विकसित केली, कारण तेथील समुद्रात पडून पोहणे परवडणारे नव्हते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर पाण्यात पडण्याची इच्छा सर्वांनाच होते, पण तेव्हा नदीत पाण्यापेक्षा वाळू अधिक असते. ताडोबाच्या तलावात पाणी असते, पण मगरीही असतात. म्हणून पहिले धडे रायगड जिल्ह्यात कोलाडच्या कुंडलिकेवर, वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर, जाणत्या शिक्षकासमोर घ्यावेत, आणि तेही जीवरक्षक जाकीट व शिरस्त्राण घालून.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा मात्र कोणत्याही तळाची कयाक पाण्यात घालू नये. त्या दिवसांत जुना नावाडीही आपला डोंगा काठावर ओढून बांधून ठेवतो.