रत्नागिरीत बसून डेटाबेस कसा सांभाळावा

सर्वप्रथम 'नाही' म्हणायला शिकावं. जन्म रत्नागिरीतला असेल तर हा धडा गाळून पुढे गेलात तरी चालेल. 'प्रॉडक्शनवर पाचच मिनिटं ॲक्सेस दे, नुसतं बघायचंय' असं म्हणणाऱ्या पुण्याच्या डेव्हलपरकडे त्याच नजरेनं बघावं, ज्या नजरेनं आजोबा एप्रिलमध्ये बागेत 'नुसती कलमं बघायला' आलेल्या माणसाकडे बघत. त्या माणसाच्या काखेत पिशवी असे. डेव्हलपरच्या खिशात स्क्रिप्ट असते.

दुसरी अडचण घरची. डीबीए म्हणजे काय, हे सांगायच्या भानगडीत पडू नये. 'कॉम्प्युटरचं काम करतो' म्हणालात की संध्याकाळपर्यंत आळीतले दोन प्रिंटर पडवीत येऊन पडतात. मी बरेच प्रयोग करून शेवटी आत्याला सांगितलं, "मी तलाठी आहे. सरकारी नव्हे, कंपनीचा."

हे तितकंसं खोटं नाही. जमीन कोणाची ते सातबारावर असतं. पण कोणी खरेदी केली, कोणी वारला, की थेट सातबारा खोडत नाहीत. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवायचा, संबंधितांना नोटीस काढायची, हरकत नसेल तर मंडल अधिकाऱ्यानं मंजूर करायचं, आणि मग सातबारा बदलायचा. ओरॅकल काय किंवा पोस्टग्रेस काय, हेच करतात. बदल आधी लॉगमध्ये लिहितात, मुख्य तक्त्याला नंतर सवडीनं हात लावतात. मध्येच वीज गेली तर लॉग वाचून पुढचं निस्तरता येतं. सगळी माहिती तक्त्यांत मांडावी, हा विचार आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये जगापुढे ठेवला. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, असा पुढे त्यांचा आग्रह. आमचा सामायिक सातबारा त्यांनी पाहिला असता, तर तिथल्या तीस नावांतली हयात किती, मुंबईला किती आणि एकमेकांशी बोलणारी किती, हे विचारून ते गप्प बसले असते.

आता मुख्य काम, म्हणजे बॅकअप. याला आपल्याकडे आगोट म्हणतात. पाऊस लागायच्या आत सुकट, सोडे, आमसुलं, कुळीथ, लाकडं सगळं भरून ठेवायचं, कारण जूननंतर काय मिळेल याची खात्री नाही. ज्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथल्या माणसाला बॅकअपचं महत्त्व वेगळं शिकवावं लागू नये. तरी शिकवावं लागतं. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. 'घराबाहेर'चा अर्थ घाटावर असा घ्यावा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. असं पाणी टेबलावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क असा भेदभाव करत नाही. 'आम्ही सगळं क्लाऊडवर ठेवलंय' असं कोणी सांगितलं तर मान डोलवावी. पण ढगावर विसंबून आपण तर वाळवणही घालत नाही.

आणि बरणी मधूनमधून उघडून बघावी. आई दादरा सोडून लोणच्याचा वास घेते, तेल वर आलंय का बघते. आम्ही मात्र रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा मेल वाचून समाधानानं चहा पितो. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरनं रात्री दमलेल्या अवस्थेत भलत्याच सर्व्हरवरचा डेटा पुसला. धावाधाव करून बघतात तर बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या आणि वेळेला एकही धड नव्हती. सहा तासांपूर्वी कोणी तरी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिनं लाज राखली. हे सगळं त्यांनी आपणहून जाहीर केलं. आपल्याकडे अशी बरणी गुपचूप परसात पुरतात.

म्हणून माझीही एक सांगून टाकतो. एका ग्राहकाचा पत्ता बदलायचा होता, शहर 'रत्नागिरी' करायचं होतं. अशा हुकमाच्या शेवटी 'व्हेअर' लावून नेमकी कोणती ओळ ते सांगायचं असतं. रात्रीचे पावणेबारा झाले होते, बाहेर पाऊस होता, इन्व्हर्टर कुंथत होता, वीज जायच्या आत उरकावं म्हणून मी एंटर मारलं. एक ओळ बदलायला इतका वेळ लागत नाही, हे लक्षात आलं तेव्हा दिल्लीपासून कोइमतूरपर्यंतचे चाळीसेक हजार ग्राहक एका दमात रत्नागिरीत राहायला आले होते.

अशा वेळी ओरडू नये. दुसरं काही टाइप करू नये. वरिष्ठांना स्वतःहून फोन करावा. मग रविवारचा पूर्ण बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर मांडावा, त्यावर नंतरचे फेरफार लॉगमधून ओळीनं चढवत यावं आणि आपल्या गाढवपणाच्या एक मिनिट अलीकडे थांबावं. घाई केली आणि ते मिनिट ओलांडलं, तर सगळी मंडळी पुन्हा रत्नागिरीत. माझी मंडळी आपापल्या गावी पोचेपर्यंत साडेपाच वाजले. मधे दोनदा वीज गेली.

आत्या दूध तापवायला उठली तेव्हा मी पडवीत तसाच बसलेला.

"काय रे, रात्रभर कसलं काम होतं?"

"काही नाही. काल रात्री होतं तसं परत केलं."

"म्हणजे नवीन काहीच नाही?"

"नाही."

तिनं दुधाखालचा गॅस बारीक केला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तलाठी म्हणे! तलाठी कधी रात्रीचा जागतो होय रे?"