चंद्रशिलेचा शिळा बर्फ

मे महिन्यात चोपत्याहून चंद्रशिलेला निघालेल्या मराठी माणसाच्या सॅकमध्ये दशम्या, शेंगदाण्याची चटणी, माकडटोपी आणि कळसूबाई केल्याचा आत्मविश्वास असतो. पहिल्या तीन गोष्टी उपयोगी पडतात. कळसूबाई 1,646 मीटरांवर संपते; रुद्रप्रयाग जिल्ह्यातले चोपता, जिथे चढायला अजून सुरुवातही व्हायची असते, तेच सुमारे 2,700 मीटरांवर आहे.

चोपत्यात काठ्या आणि रबरी बूट भाड्याने मिळतात. ‘ऊपर बर्फ है, जूते ले लो’ या दुकानदाराच्या सूचनेला ‘हम सह्याद्री का आदमी है’ असे बाणेदार उत्तर दिले जाते. त्याचा अर्थ दुकानदाराला कळत नाही, परिणाम मात्र ठाऊक असतो.

तुंगनाथापर्यंतची साडेतीन-चार किलोमीटरांची वाट फरसबंद आहे. पंचकेदारांपैकी एक असलेले हे देऊळ हिवाळाभर बंद असते; देवाचा मुक्काम तेव्हा खाली मक्कूमठात हलतो आणि एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला डोली वर येते. बर्फाने पंचांग पाहिलेले नसते. देव येऊन बसले तरी सावलीतल्या घळींतून त्याचे ठाण हलत नाही. त्याचे प्रथमदर्शन जरा निराशाच करते. सिनेमातला बर्फ पांढराशुभ्र. हा खेचरांच्या लिदीने आणि मातीने राखाडी झालेला. तरीही त्याचे गोळे होतात. पहिला गोळा बहुधा मेव्हण्याला बसतो, आणि महिनोन्‌महिने दबून टणक झालेला असल्यामुळे तो गमतीत घेतला जात नाही.

शिळा बर्फ उन्हाच्या वेळा पाळतो. रात्री गोठल्याने सकाळी त्यावर कडक कवच असते आणि बूट घसरतात. दुपारकडे तोच खडेमिठासारखा सुटा होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. सर्वांत फसवी जागा मोठ्या खडकालगतची. खडक तापतो, कडेचा बर्फ आतून वितळतो, वर नुसता पापुद्रा उरतो. आणि दमलेला माणूस टेकायला नेमका खडकाकडेच जातो. पाय वर येतो, बूट येत नाही. मग खांद्यापर्यंत हात घालून शोध सुरू होतो. त्यात हात एकाचा आणि सल्ले सगळ्यांचे. घळीतल्या बर्फाशी मात्र थट्टा नको. त्याच्या पोटातून ओढा वाहत असला की वरचे छत पोकळ होते. खालून पाण्याचा आवाज आला तर पाय आपटून पाहत बसू नये, मागे फिरून वळसा घ्यावा.

तुंगनाथानंतर फरसबंदी संपते आणि शेवटच्या दीडएक किलोमीटरच्या उभ्या चढावर, विशेषतः मेच्या सुरुवातीला, बर्फाचेच राज्य असू शकते. इथे ऊन खालूनही लागते. क्रीम कपाळाला फासलेली मंडळी संध्याकाळी हनुवटीखाली आणि नाकपुड्यांत भाजलेली आढळतात. माथ्यावरून 7,138 मीटरांचा चौखंबा दिसतो, पण पहाटे निघणाऱ्यांना. नाश्ता करून सावकाश निघालेल्यांना अनेकदा ढग दिसतात. फोटो ते त्यांचेही काढतात.

उतरताना टाच आधी रोवावी आणि गुडघे थोडे वाकवावेत. हे सांगितले जात असतानाच कोणीतरी खाली बसून घसरगुंडी सुरू करतो. उतार सौम्य असेल तर जिवाला फारसा धोका नसतो. विजारीला असतो, कारण बर्फ संपतो तिथे दगड लगेच सुरू होतात.