माळ्यावरची पिशवी

“अक्का, काल रात्री भिंतीपल्याड कसला ओ आवाज? इमान उतरलं का काय?”

“इमान कुठलं, वैनी! आमचे मालक. बिदरच्या भंगारवाल्याकडून अजून एक व्हॅक्यूम क्लीनर उचलून आणलंय.”

“अगं बाई! पडवीत चार पडलेत की आधीचे.”

“आता पाच झाले. घरात ना गालिचा, ना सोफा. शहाबादी फरशी, ओलं फडकं मारलं की लख्ख. तिच्यावर हे यंत्र म्हणजे टकल्याला कंगवा!”

“मग लोकांनी घेतले तरी कामून?”

“लाजेकाजेनं. १९८२ ला ती युरेका फोर्ब्स निघाली ना, तिची टायवाली पोरं दारोदार हिंडायची. हैदराबादला आमच्या नणंदेकडं असंच एक आलं. गादीवर यंत्र फिरवलं अन् निघालेली माती तिच्यापुढंच ओतली. चार पाहुणे बसलेले. नाही कसं म्हणणार? घेतलं, दोनदा फिरवलं, टाकलं माळ्यावर. म्हणून मालक खूश. म्हणतात, जुनी गाडी घ्यावी तर झिजलेली मिळते, हे जुनं असून कोरं मिळतं.”

“आमच्या ह्यांनाही नाद लावलाय त्यांनी. परवा जेवताना काय तर म्हणे, लंडनला बूथ नावाचा इंजिनियर होता. त्यानं हाटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, तोंड लावलं अन् ओढला श्वास. ठसका लागला, पण रुमालावर ही काळी धूळ! त्यानं आधी बघितलेलं यंत्र धूळ नुसती फुंकायचं म्हणे. १९०१ साली ह्यानं ओढणारं केलं, पण एवढं थोरलं, की घोडागाडीवर. गाडी रस्त्यात उभी अन् नळ्या खिडकीतून आत.”

“अन् तिथल्या बाया ते बघायला मैत्रिणींना चहाला बोलवायच्या! आपल्याच जातकुळीच्या. मला त्या अमेरिकेतल्या स्पँग्लरचं वाईट वाटतं बघा. दुकानात झाडलोट करणारा, दम्याचा माणूस. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा अन् उशीचा अभ्रा जोडून त्यानं यंत्र केलं. १९०८ ला पेटंट मिळालं, ते हूवरनं विकत घेतलं. नाव कुणाचं झालं? हूवरचं.”

“चालायचंच. पण रविवारी तुमच्या दारात जत्रा असते ती कसली?”

“उदगीरचे एक मास्तर येतात, हुमनाबादचा वायंडिंगवाला येतो, कॉलेजची दोन पोरं. मोटरीतला कार्बन ब्रश झिजून नखाएवढा राहिलेला असतो अन् त्या मापाचा आता कुठं मिळत नाही. मग ड्रिल मशीनचा आणायचा अन् पॉलिश पेपरवर घासत बसायचं. जरा घासलं, घालून बघितलं, परत काढलं. माझा चहा तीनदा होतो. पुण्यात केळकरांनी अडकित्ते न् दिवे जमवले, त्याचं म्युझियम झालं, असं मलाच ऐकवतात. म्हटलं, अडकित्त्याला सुपारी तरी कातरता येते.”

“तुम्हीबी बसता म्हणे मोड्यावर?”

“ते... पिशवी उघडताना बसते. हळू बोला. आतली धूळ घोंगडीसारखी घट्ट जमलेली असते. तिच्यात टिकल्या, आकडे, पाच पैशाचं ॲल्युमिनियमचं नाणं. घरातलं सगळं कळतं ओ! कोपऱ्यावरच्या काकू सांगत होत्या ना, आम्ही दर शनिवारी फिरवायचो म्हणून? पिशवीची घडीसुद्धा मोडली नव्हती.”

“काय सांगता!”

“अन् त्या गच्चीवाल्यांच्या पिशवीत बिडीची थोटकं. ते तर गळ्यात माळ घालून हिंडतात.”

“आई गं!”

“तुमच्याकडंबी एक आहे की ओ माळ्यावर? मालक विचारत होते. रविवारी द्या पाठवून.”

“देते की. पण आत्ता नको, अक्का. पिशवी मी धुऊन, वाळवून देते.”