जगात जर्मनी, भारतात परभणी

जर्मनीने मे 2023 मध्ये 49 युरोंचा मासिक पास काढला. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम, सगळं एकाच तिकिटावर. मुंबईनेही 8 ऑक्टोबर 2025 रोजी ‘मुंबई वन’ अॅप आणलं आणि मेट्रो, लोकल, बेस्ट धरून 11 सेवा एका फोनात बसवल्या. म्हणीची अब्रू राखायची तर आता परभणीलाही एकात्मिक वाहतूक हवी. ती आमच्याकडे केव्हाचीच आहे, फक्त डाउनलोड करावी लागत नाही.

स्टेशनाबाहेर पाऊल टाका. ‘काळी कमान, काळी कमान, एकच सीट!’ हे नोटिफिकेशन फोन सायलेंटवर असला तरी ऐकू येतं. ती सीट कुठली, हे बसल्यावर कळतं. बहुधा ड्रायव्हरची अर्धी. रिक्षा निघणार कधी? भरल्यावर. आणि भरली कधी म्हणायची, याचं अख्खं अल्गोरिदम ‘मामा, सरका जरा तिकडं’ एवढ्यावर चालतं. मामा सरकतात, सर्व्हरची क्षमता वाढते. पावसात आणि तुराबुल हक बाबांच्या उरुसात भाडं चढवायचं, हे शास्त्र बड्या कंपन्या फार उशिरा शिकल्या. नकाशाही लागत नाही. मावशी गल्लीचं नाव घेतच नाहीत, दारातल्या लिंबाची खूण सांगतात, आणि पोत्यासकट घरी पोचतात.

राहिलं लाइव्ह ट्रॅकिंग. जिंतूरची एसटी कुठवर आली म्हणून पानटपरीवर विचारा. मान वर न करता उत्तर येतं, ‘आत्ताच गेली की!’