अर्धी नर्मदा

नर्मदाकाठच्या आमच्या धरमपुरीत ओळखपत्राची गरज पडेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. घाटावर नुसतं खाकरलं तरी चार पायऱ्या वरून विचारणा होते, "काय भाऊ, खोकला गेला नाही वाटतं?" तरीही आमच्या मराठी मंडळात ठराव झाला, की प्रत्येक सभासदाला गळ्यात अडकवायचं रंगीत प्लॅस्टिकचं कार्ड द्यायचं आणि ते छापायला मंडळाचं स्वतःचं यंत्र घ्यायचं. "तिकडे देवासला सरकार नोटा छापतंय आणि आपल्याला साधी कार्डं छापता येऊ नयेत?" अध्यक्ष गरजले. बँक नोट प्रेसचा दाखला आमच्याकडे कुठल्याही खर्चाला चालतो.

खरं म्हणजे देवासलाच ओळखपत्रांची चैन परवडली असती. 1948 पर्यंत त्या एका गावात दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. तेव्हा कार्डं असती तर भाजी आणायला निघालेल्या माणसाला दोन्ही खिशांत एकेक ठेवावं लागलं असतं. आमच्याकडे आधार आहे, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी आहे. त्यात कुटुंबाचे आठ आकडे वेगळे, माणसाचे नऊ वेगळे. एवढ्या आकड्यांत मंडळाचाच आकडा नाही, हे अध्यक्षांच्या मनाला लागलं होतं.

इंदूरच्या विक्रेत्याने पहिलाच प्रश्न टाकला, "सालभर में कितने कार्ड निकलेंगे?" सभा गप्प. वर्गणीची वही पाहिली तर सभासद मूठभर. गणपतीतल्या महाप्रसादाच्या पंगती मोजल्या तर तिप्पट. यंत्र कुठल्या आकड्यासाठी घ्यायचं, यावरच चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

यंत्रांतही दोन जाती निघाल्या. एकात तापलेलं हेड रिबिनीवरचा रंग थेट कार्डावर उतरवतं; कडेला बारीक पांढरी रेघ राहते. दुसऱ्यात आधी पारदर्शक फिल्मवर छपाई होते आणि मग ती फिल्म कार्डावर चिकटते. रंग अगदी कडेपर्यंत जातो, चिप बसवलेल्या कार्डावरही छपाई नीट येते. त्याची किंमत ऐकून खजिनदारांनी पाणी मागितलं.

पहिल्या जातीचं यंत्र मोटारसायकलीच्या भावात मिळत होतं, पण तिच्यासारखंच हेही घेताना नव्हे, चालवताना खातं. रिबिनीवर पिवळा, मजेंटा, सायन, काळा आणि वरचा पारदर्शक थर असे पट्टे ओळीने असतात. एका कार्डाला पाचही जातात, मग फोटोतल्या माणसाचा सदरा पांढराशुभ्र का असेना. नाव चुकलं, कार्ड फेकलं, तरी पाचही गेलेच.

"अर्ध्या पट्ट्यांची रिबीन मिळते," खजिनदार कुठूनसं वाचून आले होते. तिच्यात रंगांचे पट्टे निम्म्या लांबीचे, म्हणून एका रिबिनीत कार्डं जास्त. मात्र रंग कार्डाच्या अर्ध्याच भागात, उरलेल्या अर्ध्यात फक्त काळं. इथे ठिणगी पडली. अध्यक्षांना पार्श्वभूमीला कार्डभर नर्मदा हवी होती, मधोमध बेटावरचं बिल्वामृतेश्वराचं देऊळ. खजिनदारांच्या हिशेबाने देऊळ रंगीत आणि पलीकडचं पात्र काळं येणार होतं. "परिक्रमेत नर्मदा ओलांडायचीसुद्धा नसते," एक काकू कडाडल्या, "आणि तुम्ही तिला मधोमध कापायला निघालात?"

माझं मत विचाराल तर एवढ्याशा मंडळाने यंत्र घेऊच नये. बाजारातला फोटोवाला साध्या इंकजेट प्रिंटरला ट्रे लावून पीव्हीसी कार्डं काढून देतो, नाहीतर ड्रॅगन शीटवर छापून, गरम दाबून, कापून. यंत्र नुसतं कपाटात ठेवलं तरी निमाडची धूळ आत शिरणार, आणि हेडखाली एक कण आला की सभासदाच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटणार. हे मत इतिवृत्तात आलं नाही.

शेवटी विक्रेता नमुन्याचं यंत्र घेऊन आला. पहिलं कार्ड महिला शाखेच्या वहिनींचं. फोटो इतका छान आला की वहिनी त्याच्याकडे बघून लाजल्या. मग त्याने वापरलेली रिबीन उजेडात धरली. काळ्या पट्ट्यावर जिथून शाई उठली होती तिथे नाव, पत्ता आणि जन्मतारीख स्वच्छ वाचता येत होती. "इसे हमेशा नष्ट कीजिए, कोई भी पढ़ सकता है," तो म्हणाला. तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं. वहिनींच्या साठीचा समारंभ आम्हाला पुढच्या वर्षी करायचा होता. तो करायला फार उशीर झाल्याचं निघालं.

कार्डावर जन्मतारीख नको, हा ठराव तिथेच एकमताने संमत झाला. अर्धी रिबीन की पूर्ण, हा विषय पुढच्या सभेवर गेला. वापरलेला तुकडा खजिनदार घरी घेऊन गेले, जाळून टाकतो म्हणाले. त्यांच्या अंगणातून अजून धूर निघालेला नाही.